आल्प्समधलं एकच गाव, मित्राचं घर आणि निवांत सुट्टी

निवांत_नाना

दर वर्षी इथे स्वित्झर्लंडचे धागे निघतात आणि सगळ्यांत एकच प्रश्न असतो: सात दिवसांत काय काय 'कव्हर' होईल? हा धागा त्यांच्यासाठी नाही. ज्यांचं कुणी तिकडे डोंगरात राहतं, ज्यांना 'या हो एकदा' असं मनापासून आमंत्रण आहे आणि तरी जे चार दिवस त्यांच्याकडे टेकून पुढे पॅरिसला पळायचा बेत करतायत, त्यांच्यासाठी आहे.

कॉलेजातला एक मित्र लग्नानंतर श्कुओलला स्थायिक झालाय. देशाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, ग्राउब्युंडेन प्रांतात, खालच्या एंगादिन खोऱ्यातलं हे गाव. उंची साधारण १२५० मीटर. वहिनी तिथल्याच. घरात जर्मन चालतं, पण वहिनींच्या आई आल्या की सगळे रोमान्शवर घसरतात. ही तिथली चौथी राष्ट्रीय भाषा, १९३८ च्या सार्वमतानं तो दर्जा मिळाला. आम्ही दोघं जुलैच्या मध्याला पोचलो आणि ऑगस्ट लागल्यावर निघालो. मधल्या काळात खोऱ्याबाहेर जेमतेम पडलो असू.

झुरिकहून लांडक्वार्टपर्यंत मोठी गाडी, तिथे बदलून ऱ्हेशियन रेल्वेची लाल छोटी गाडी. क्लोस्टर्सनंतर ती १९ किलोमीटरच्या फेराइना बोगद्यात शिरते. हा बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात या खोऱ्यात यायचं म्हणजे मोठाच वळसा होता, असं मित्राचे सासरे सांगतात. बोगद्यातून बाहेर पडलं की हवाच बदलते. आल्प्सच्या आतलं हे खोरं देशातल्या कोरड्या भागांपैकी एक आहे, वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरला एकट्या जुलैत याच्या दुपटीहून जास्त पडतो. छत्री नेली होती, ती बहुतेक दिवस दारामागेच होती.

आता घर. एंगादिनी घराच्या भिंती हातभर जाड आणि खिडक्या लहान. बाहेरच्या बाजूनं भिंत खिडकीकडे तिरकी कापत नेलेली, म्हणजे थंडी आत यायला भोक छोटं, पण उजेड भरपूर. दर्शनी दरवाजा मात्र बैलगाडी जाईल एवढा कमानदार, कारण पूर्वी खरंच गवताची गाडी त्यातून थेट घरात, मधल्या फरसबंद दालनातून मागच्या गोठ्याकडे जायची. बाहेर भिंतीवर नक्षी असते, ती रंगवलेली नसते. आधी गडद गिलावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात, आणि तो ओला असतानाच वरचा थर खरवडून खालचा रंग उघडा करायचा. फुलं, मासे, सूर्य, मधूनच एखादं वचन आणि घर बांधल्याचं वर्ष. ही वर्षं वाचत गल्लीतून हिंडलो तर सोळाशे वीसच्या पुढच्या तारखाच जास्त. कारण तीस वर्षांच्या युद्धात १६२२ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या फौजांनी हे खोरं जाळलं होतं, आज दिसतात ती गावं बरीचशी त्यानंतर उठलेली.

आमचा दिनक्रम ऐकून हसाल. सकाळी मी खालच्या आळीतल्या हौदावर पाणी भरायला जायचो. श्कुओलमध्ये गल्लोगल्ली दगडी हौद आहेत, काहींना दोन तोट्या: एकीतून साधं पाणी, दुसरीतून जमिनीतूनच फसफसत येणारं, लोखंडाची चव असलेलं खनिज पाणी. तोटीखाली दगडावर गंजाचा केशरी ओघळ उमटलेला. पहिला घोट तोंड वाकडं करतो. आठवड्यानंतर साधं पाणी बेचव लागायला लागतं. हौदावर रोज त्याच दोन आजीबाई भेटायच्या, 'आलेग्रा' म्हणायच्या, मग हवेबद्दल काहीतरी. मला कळायचं नाही, मी मान डोलवायचो. नंतर न्याहारी, मग हिचं आणि वहिनींचं भाजीच्या वाफ्यात काहीतरी, दुपारी झोप (होय, झोप), चारनंतर फिरणं. मित्राला रजा एकाच आठवड्याची होती आणि त्याचं काही बिघडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. यजमानाला आपल्या दावणीला बांधायचं नसतं.

अजून कुणी असं मित्रांकडे मुक्काम ठोकून राहिलंय का? अनुभव लिहा. वेगळे असले तर आणखी छान.

---

बेरकी_बंड्या

नाना, लिहिलंय झकास, पण एक शंका. एवढं विमानाचं भाडं भरून युंगफ्राउयोख नाही, टिटलिस नाही, इंटरलाकेनला जाऊन यश चोप्रांच्या पुतळ्याशेजारी फोटोसुद्धा नाही? घरी परतल्यावर नातेवाइकांना काय दाखवलंत, हौद?

---

निवांत_नाना

@बंड्या, हौदच दाखवला. पुतळा २०१६ पासून तिथे उभा आहे, कुठे पळून जात नाही.

गंमत सोड. युंगफ्राउयोखला वाईट म्हणणार नाही. १९१२ मध्ये ३४५४ मीटरवर रेल्वे नेऊन पोचवली, हे काम पाहण्यासारखं आहेच. पण तिथे दोन तासांत आपल्या वाट्याला येते ती रांग, काच, बर्फ आणि परतीच्या गाडीची वेळ. ज्याचं तिथे कुणीच नाही त्यानं तेच करावं, दुसरा मार्ग नाही. ज्याला मित्राच्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायची मुभा आहे, त्यानं ती सोडून रांगेत का उभं राहावं, एवढाच माझा मुद्दा.

आणि पैशाचं म्हणशील तर उलटं आहे. खर्च होतो तो रोज गाव बदलण्यात. 'स्विस ट्रॅव्हल पास' रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला परवडतो. एका जागी बसणाऱ्यानं पर्यटकांचं महिनाभराचं हाफ फेअर कार्ड घ्यावं, लागेल तेव्हा अर्ध्या दरात तिकीट काढावं.

---

आंबेमोहर

मस्त धागा! माझी मावसबहीण त्याच भागात नोकरीला आहे, सारखी बोलावते. आई-बाबांना घेऊन जायचंय, दोघंही सत्तरीचे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई शुद्ध शाकाहारी. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यातच जमेल. नाना, मे कसा असतो?

---

झुरिककर_ताई

नानांच्या आधी मीच सांगते, कारण दर मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे येतात आणि दर वर्षी हेच होतं.

आंबेमोहर, मे टाळता आला तर टाळ. झुरिक, लुझर्न, तळ्यांकाठची गावं मेमध्ये सुंदर असतात, पण उंचावरच्या गावांचा तो मधला काळ असतो. स्कीइंग संपलेलं, उन्हाळा लागलेला नाही. बरेचसे रोपवे देखभालीसाठी बंद, हॉटेलवाले स्वतःच सुट्टीवर, वरच्या वाटांवर अजून बर्फ किंवा चिखल. बहिणीकडे राहायलाच जायचं असेल तर हरकत नाही, पण 'डोंगर बघायचेत' असं बाबांना सांगून नेशील तर ते खिडकीतूनच बघतील. शाळेला चार दिवस बुट्टी मारता येत असेल तर जूनचा शेवट धर. मुलांशिवाय येणार असाल तर सप्टेंबरसारखा महिना नाही. हवा स्वच्छ, गर्दी ओसरलेली, आणि गाई वरच्या कुरणांवरून फुलं-घंटा मिरवत खाली उतरतात.

गुडघ्यांची काळजी नको. पिवळी पोस्टबस जिथे जाते तिथपर्यंत बाबा जातील, आणि ती जवळजवळ सगळीकडे जाते. घाटातल्या आंधळ्या वळणांवर ती तीन सुरांचा भोंगा वाजवते, रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधले सूर आहेत ते. माझ्या सासऱ्यांना त्या भोंग्याचंच वेड लागलं होतं.

शाकाहाराचं: रोश्टी (किसलेल्या बटाट्याचं धिरडं), राक्लेट (वितळवलेलं चीज आणि बटाटे), सफरचंदाच्या गरासोबत खायचे आल्पलरमाग्रोनेन (चीज-बटाटा घातलेली मॅकरोनी), सगळीकडे काही ना काही मिळतं. दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. बार्लीच्या सूपमध्ये बहुधा वाळवलेल्या मांसाचे बारीक तुकडे असतात. आणि ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरून करतात. आईंचं शुद्ध शाकाहारी जितकं शुद्ध असेल, त्यावर ठरवा.

आता नानांनी यजमानाबद्दल एक वाक्य टाकून विषय सोडलाय, तो मी पुढे नेते. आम्ही इथे राहणारे लोक बोलून दाखवत नाही, म्हणून वाचा.

आमच्या इमारतीत कपडे धुवायची खोली सगळ्यांत मिळून एक आहे, तिचं वेळापत्रक असतं. पाहुण्यांनी 'टाकते गं एक मशीन' म्हणून परस्पर लावलं की खालच्या मजल्यावरच्या बाई आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत. कचऱ्याची पिशवी ठरावीकच लागते, तिच्या किमतीतच कर असतो, म्हणून ती ठासून भरतात. काचेच्या बाटल्या रविवारी टाकायला जायचं नाही, खळखळाट होतो. रात्री दहानंतर गॅलरीत बसून भारतात व्हिडिओ कॉल स्पीकरवर नको. दुकानं शनिवारी संध्याकाळी लवकर आणि रविवारी पूर्ण बंद, त्यामुळे 'दूध संपलं' हे शनिवारी दुपारीच लक्षात यायला हवं.

आणि स्वयंपाक. इथे कामाला बाई नसते. आल्यापासून जाईपर्यंत वहिनींनी पोळ्या लाटायच्या आणि तुम्ही सोफ्यावरून 'निसर्ग काय आहे!' म्हणायचं, हे दोन दिवस चालतं. पुण्याहून आलेली एक मैत्रीण पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, एक दिवसाआड रात्रीचं जेवण माझं आणि आठवड्याचं किराणा बिल माझं. मी एकदा 'छे छे' म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं. तिला मी दर वर्षी बोलावते.

---

बेरकी_बंड्या

ताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या बंगळुरूच्या फ्लॅटच्या दारावर लावतो.

---

कोकणकडा

+१ ताई.

चालण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं. मी तिथे एका गिर्यारोहक मित्राकडे होतो, तो त्याच खोऱ्यातल्या त्सेर्नेत्सला राहतो.

पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसतं, वेळेत असतं. आणि ती वेळ न थांबता चालणाऱ्याची असते. आपण फोटो काढणार, डबा उघडणार, तेव्हा दीडपट धरा. नुसती पिवळी खूण म्हणजे कुणालाही जमेल अशी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, बूट चांगले हवेत, कुठे कुठे कडा असतो. पांढरा-निळा-पांढरा दिसला की सह्याद्रीत कितीही किल्ले केले असले तरी जाणत्या माणसाशिवाय जाऊ नका. दुपारनंतर वादळी ढग जमतात, म्हणून उंचावरचं सकाळीच उरकायचं.

आई-बाबांसाठी: ग्वार्दा. स्टेशन खाली दरीत आहे, गाव वर १६५० मीटरवर, मधे बस आहे. वास्तुवारसा जपल्याबद्दल या गावाला १९७५ मध्ये वाकर पारितोषिक मिळालं. गावातच तासभर हिंडून, बाकावर बसून परत या. ज्यांना चालवतं त्यांनी बोश्चा वाडीवरून आर्डेत्सपर्यंत उतरत जावं, बिनकष्टाची वाट आहे.

माझी सगळ्यात आवडती मात्र श्चार्ल. उन्हाळ्यात श्कुओलहून पोस्टबस त्या आडदरीत जाते. पूर्वी तिथे शिसं आणि चांदीच्या खाणी होत्या, आता डझनभर घरं. तिथून वर दोनेक तास चालत गेलं की तामांगुरचं रान लागतं. आर्व्हं नावाच्या पाइनचं, सुमारे २३०० मीटरपर्यंत चढलेलं, अशा निव्वळ आर्व्हंच्या रानांत युरोपातलं सर्वांत उंचावरचं मानतात. झाडं पिळवटलेली, काही वाळून चंदेरी झालेली पण उभी. हे रान लावतो एक ठिपक्यांचा पक्षी, नटक्रॅकर. हिवाळ्यासाठी तो पाइनच्या बिया जागोजागी पुरून ठेवतो आणि ज्या उकरायच्या राहतात त्या रुजतात. राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हावर तोच आहे.

ते उद्यानही तिथेच. १ ऑगस्ट १९१४ ला सुरू झालं, सुमारे १७० चौरस किलोमीटर. वाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, कुत्रा न्यायचा नाही. पडलेलं झाडसुद्धा तिथेच कुजू देतात. आयबेक्स (डोंगरी रानबकरे) १९२० मध्ये पुन्हा आणून सोडले, दाढीवालं गिधाड १९९१ पासून. अस्वलाची गोष्ट तर भारीच आहे: देशातलं शेवटचं अस्वल १९०४ मध्ये श्चार्लजवळच्या व्हाल मिंजेरमध्ये मारलं, आणि शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, इटलीकडून एक अस्वल आपणहून चालत त्याच भागात आलं.

घाबरायचं असेल तर अस्वलाला नको, गाईला घाबरा. वासरांसोबत चरणाऱ्या गाई माणूस जवळ आला की अंगावर येतात. 'गोमाता' म्हणून सेल्फीला जाऊ नका, लांबून वळसा घाला. आणि कुरणातलं उंच गवत तुडवू नका, ते हिवाळ्याचा चारा आहे, शेतकऱ्याचं उभं पीक.

हेलिकॉप्टर सुटकेसाठी रेगा, नंबर १४१४. विम्यात डोंगरातली सुटका आहे का ते निघण्यापूर्वी वाचून घ्या, तिथे खर्च लाखांत जातो.

---

पोरांचा_बाप

मी जरा विरुद्ध बाजूनं बोलतो. आम्ही दोन मुलांसकट (एक सहावीत, एक नववीत) असंच एका मित्राकडे डोंगरातल्या खेड्यात गेलो होतो. पहिले चार दिवस स्वर्ग. नंतर नववीतल्याचा प्रश्न: 'बाबा, आज पण डोंगरच?' त्यात पाऊस लागला. नानांना निवांतपणा मानवतो, कारण नाना निवांत आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला हौदावर आजीबाई भेटून काय होणार? धाग्यात हे आलं पाहिजे म्हणून लिहिलं, राग नसावा.

---

निवांत_नाना

राग कसला, बरोबर आहे तुमचं. मित्राची मुलगी पंधराची आहे, तिलाही आजीबाई नकोच असतात. ती आणि तिच्या मैत्रिणी दिवसभर पोहायला किंवा सायकली घेऊन गावामागच्या मोता नालुन्स डोंगरावर, वर रोपवेनं आणि खाली गडगडत. तुमच्या नववीतल्याला त्यांच्यात सोडलं असतं तर तो परत यायला तयार झाला नसता. यजमानाची मुलं त्याच वयाची असतील तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. नसतील तर मोठ्या मुलांना घेऊन एका गावात मुक्काम टाकू नये, हे मान्य.

पावसाच्या दिवशी आम्ही बर्निना खिंडीतून जाणारी रेल्वे केली. श्कुओलहून पोन्त्रेसिनापर्यंत थेट गाडी, तिथून २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निनावरून इटलीतल्या तिरानोपर्यंत. हा मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. 'बर्निना एक्स्प्रेस' नावाच्या काचेच्या गाडीला वेगळं आरक्षण आणि त्याचे वेगळे पैसे. साधी गाडी त्याच रुळांवरून जाते, वाटेत उतरता येतं आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. खिंडीत धुकं होतं, तिरानोत ऊन. पिझ्झा खाऊन परत.

---

आंबेमोहर

ताई, जूनचा शेवट पक्का केला. शाळेचं बघू. आता दोन प्रश्न. व्हिसासाठी बहिणीकडून काय काय लागेल? आणि तिला आंबे फार आवडतात, एक पेटी नेली तर चालेल ना?

---

झुरिककर_ताई

आंबा नको! भारतातून ताजी फळं-भाज्या रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. अननस, केळी, नारळ, खजूर अशा मोजक्यांना सूट आहे, त्यामुळे नारळ चालतो आणि हापूस चालत नाही, असा न्याय. कढीपत्तासुद्धा नाही. दूध-मांसाचे पदार्थही बंद, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. गोडा मसाला, भाजणी, पोहे, पापड, कोकम, लसणाची कोरडी चटणी खुशाल आणा. बहिणीला विचारशील तर ती भाजणीच मागेल, मला खात्री आहे.

व्हिसा: बहिणीचं निमंत्रणपत्र (कोण, नातं काय, कधीपासून कधीपर्यंत, राहणार कुठे), तिच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सगळ्यांचा. आई-बाबांचं पेन्शन, बँकेचे कागद. वकिलातीला पुरेसं वाटलं नाही तर ती यजमानाकडून ३०,००० फ्रँकपर्यंतची हमी मागते. तो अर्ज बहिणीला तिकडे भरून द्यावा लागतो आणि त्यात वेळ जातो, तेव्हा तिला आधीच कल्पना दे. मोठ्यांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झालंय. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत, जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लाग.

मुलं सोळाच्या आतली असतील तर आई-वडिलांच्या तिकिटासोबत फॅमिली कार्डावर फुकट फिरतात, ते मागून घे.

---

बेरकी_बंड्या

नाना, सगळं पटलं असं नाही, पण भूक लागली. वहिनींकडे जेवायला काय असायचं ते लिहाच.

---

निवांत_नाना

मालुन्स. आदल्या दिवशी सालासकट उकडून गार केलेले बटाटे सोलून किसायचे, त्यात कणीक नव्हे, मैद्याच्या जवळ जाणारं पीठ आणि मीठ हातानं चोळायचं. मग लोखंडी कढईत लोणी, आणि मंद आचेवर हलवत राहायचं. किती वेळ? वहिनींच्या आईंचं उत्तर: हात दुखेपर्यंत, आणि मग अजून थोडं. हळूहळू त्याच्या सोनेरी, मोकळ्या गोळ्या होतात. आमच्या हिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, अरे ही तर बटाट्याची उकडपेंडी! (ही अकोल्याची.) सोबत सफरचंदाचा गर आणि चीजचा तुकडा. तिखटाचं नाव नाही. तिसऱ्या वेळी हिनं गुपचूप वर लसणाची चटणी भुरभुरली, वहिनींच्या आईंनी बघितलं, चाखलं, आणि बाटली आपल्या बाजूला सरकवून घेतली.

१ ऑगस्टच्या रात्री, त्यांच्या राष्ट्रीय दिनाला, गावानं होळी पेटवली, पोरं कागदी कंदील घेऊन हिंडली, आणि सरपंचांचं भाषण झालं. लांबलचक. ते सगळीकडे सारखंच असतं.

@आंबेमोहर, बहिणीचं गाव कोणतं ते लिही. श्कुओलच्या आसपास असेल तर खनिज पाण्याचे हौद कोणत्या गल्लीत आहेत ते मित्राला विचारून कळवतो.

---

आंबेमोहर

फ्तान! नकाशात आत्ताच पाहिलं, तुमच्या श्कुओलच्या डोक्यावरच आहे. नाना, मित्राला विचाराच. आणि वहिनींच्या आईंसाठी चटणीची बाटली पाठवायची असेल तर माझ्या सामानात जागा आहे.